डायनॅमो हबची दोन वर्षं : दिव्याला पैकीच्या पैकी, चार्जिंगला जेमतेम पास

आधी निकाल सांगून टाकते, म्हणजे घाईत असलेल्यांना पुढचं वाचायला नको. पुढच्या चाकात डायनॅमो हब, म्हणजे चाक फिरलं की वीज तयार करणारा हब, त्यावर चालणारा पुढचा दिवा आणि मागचा लाल दिवा, हे तिन्ही मी दोन वर्षं वापरतेय, नऊ हजार किलोमीटरच्या आसपास झालेत, आणि रात्रीची सायकल चालवणाऱ्या कुणालाही मी बेलाशक घ्या म्हणेन. त्याच हबवर फोन आणि पॉवर बँक चार्ज करायची जी डबी मिळते ती मात्र आपल्याकडच्या घाटरस्त्यांवर चालवणाऱ्यांनी घेऊ नये असं माझं मत झालंय. सविस्तर लिहितेय कारण मी घ्यायच्या आधी मराठीत शोधलं तर काही सापडलं नव्हतं, आणि बाकी जे सापडलं ते सगळं जर्मनी-इंग्लंडच्या रस्त्यांचं. त्यात आपल्यासारखे घाटही नव्हते आणि दर पंधरा-वीस किलोमीटरला ढाबाही नव्हता, आणि नेमक्या याच दोन गोष्टींनी सगळं गणित बदलतं.

मी पुण्याची, ब्रेव्हे करते. माहीत नसलेल्यांसाठी, ब्रेव्हे किंवा बीआरएम म्हणजे सायकलवर ठरलेलं अंतर ठरलेल्या वेळात स्वतःच्या जिवावर पूर्ण करायचं. २०० किमीला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७, ६०० ला ४०. कंट्रोल (वाटेतले ठरलेले तपासणीचे थांबे) सोडून कुठेही मागून घरची गाडी येऊन सेल, पाणी, दिवा असं काही देऊ शकत नाही. लागेल ते स्वतः वाहायचं नाहीतर रस्त्यावरच्या दुकानातून विकत घ्यायचं. आणि अंधार पडला की पुढे पांढरा, मागे लाल असा सायकलला पक्का बसवलेला दिवा चालू पाहिजे, अंगावर रिफ्लेक्टिव्ह जॅकेट पाहिजे. दिवा गेला तर जागेवर थांबायचं. नियम आहेच, पण नियम नसता तरी हायवेवर बिनदिव्याचं कोण जाईल?

आता अंधाराचा हिशोब बघा. डिसेंबरात पहाटे ६ ला ६०० सुरू झाली तर उजाडायला सात वाजतात, म्हणजे एक तास. मग संध्याकाळी सहा ते सकाळी सात, तेरा तास. दुसऱ्या दिवशी परत सहापासून रात्री १० ला वेळ संपेपर्यंत चार तास. एकूण अठरा. त्यातून झोपेचे, चहाचे, कंट्रोलचे चार-पाच तास काढले तरी तेरा-चौदा तास दिवा लावून चालवायचं आहे. साधे चार्जिंगवाले पुढचे दिवे मधल्या मोडवर चार-पाच तास जातात. म्हणजे एक दिवा तीन वेळा भरायचा नाहीतर तीन दिवे न्यायचे.

मी दोन न्यायचे. आणि एक पॉवर बँक. माझ्या पहिल्या ६०० ला, पुण्याहून निघून संकेश्वरच्या पुढे वळून परत यायचं होतं, कोल्हापूर सोडलं तेव्हा रात्रीचे दोन वाजून गेले होते. किणीचा टोलनाका गेला, पेठ नाक्याच्या अलीकडे पहिला दिवा संपला, ते अपेक्षितच होतं. दुसरा लावला, तो अर्ध्या तासात लाल लुकलुकायला लागला कारण आदल्या संध्याकाळी मी तो जास्त वापरला होता हे डोक्यातच राहिलं नाही. म्हटलं पॉवर बँकेला जोडून चालवू. तेव्हा कळलं की तो दिवा चार्जिंगला लावला की फक्त सगळ्यात मंद मोडवर चालतो. सहापदरीकरणाचं काम चालू, डायव्हर्जनवर डायव्हर्जन, कधी सर्व्हिस रोडवर उतरवतात कधी परत वर घेतात, खडी पसरलेली, आणि माझ्यापुढे काजव्याएवढा उजेड. एका पेट्रोल पंपावर थांबले. तिथल्या रात्रपाळीच्या दादांनी खुर्ची दिली, चहा दिला, आणि उजाडेपर्यंत मी तिथं बसून होते. वेळेत पूर्ण झाली राईड, सदतीस मिनिटं राखून. पण त्या खुर्चीवर बसल्या बसल्याच मी ठरवलं की दिव्यात किती उरलंय हा हिशोब आता डोक्यात ठेवायचा नाही. पाय थकलेले असतात, झोप आलेली असते, जेवण झालं का, पाणी आहे का, पुढचं कंट्रोल कधी बंद होतंय, एवढं सगळं चालू असताना त्यात आणखी टक्केवारी नको.

वडिलांना हे सांगितलं तर ते म्हणाले अगं मग डायनॅमो लाव की. त्यांच्या डोळ्यापुढे त्यांची कॉलेजातली सायकल, मागच्या टायरला घासणारी बाटली, चढावर पाय भरून यायचे आणि पावसात घसरून दिवा जायचा. पुण्यात तेव्हा बिनदिव्याची सायकल दिसली की पोलीस चाकातली हवा सोडायचे, ते किस्से आमच्या घरात अजून निघतात. हब डायनॅमो म्हणजे तेच तत्त्व, पण घासणं नाही. चाकाच्या मधोमध जो हब असतो त्याच्यातच चुंबकं बसवलेली, ती चाकाबरोबर फिरतात, तारेचं वेटोळं अ‍ॅक्सलला धरून स्थिर राहतं. ६ व्होल्ट, ३ वॅट, म्हणजे अर्धा अ‍ॅम्पियर. आणि वेग वाढला तरी करंट त्या अर्ध्या अ‍ॅम्पियरच्या आसपासच राहतो, म्हणून उतारावर दिवा जळत नाही. ३ वॅट ऐकून हसू नका, एलईडीला ते भरपूर होतात, पुढे सांगते.

बाजारात मुख्य नावं तीन. जर्मनीतल्या ट्युबिंगेनच्या श्मिट कंपनीचा सोन, सगळ्यात नावाजलेला आणि सगळ्यात महाग. तैवानचा शटर प्रिसिजन, हलका. आणि शिमानो, ज्यांचे वेगवेगळ्या किमतीचे बरेच प्रकार येतात. मी शिमानोचा डीएच-३डी३७ घेतला, सेंटरलॉक डिस्क (ब्रेकची चकती बसवायची एक पद्धत), क्विक रिलीज (खटक्याने चाक सुटतं तो प्रकार). कारण सरळ होतं, खिशाला परवडला आणि आत सुट्या गोळ्यांचं बेअरिंग, कप-कोनवालं, जे आपल्या गल्लीतल्या मेकॅनिकलाही समजतं. शटर प्रिसिजनचं बेअरिंग आपण उघडून बदलू शकत नाही, हब कंपनीकडे पाठवावा लागतो, आणि इथून तैवानला हब पाठवणं मला झेपणारं नव्हतं.

घ्यायच्या आधी एक गोष्ट नक्की बघा, तुमच्या फोर्कला, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दांड्यांना, क्विक रिलीज आहे की १२ मिमीचा आरपार जाणारा जाड थ्रू अ‍ॅक्सल. हब त्याप्रमाणे वेगळा येतो आणि चुकीचा मागवला तर बसणारच नाही. आमच्या ग्रुपमधल्या एका मुलाने घाईत मागवला आणि तो अजून त्याच्या कपाटात आहे.

चाक बांधायला आमच्या पेठेतल्या काकांकडे गेले. वय सत्तरच्या पुढे, दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. हब हातात घेऊन अ‍ॅक्सल दोन बोटांत धरून फिरवला, आतल्या चुंबकांमुळे तो टकटक अडकत फिरतो, काका म्हणाले, "ताई, हे बेअरिंग खराब दिलंय तुम्हाला." समजावून सांगितलं, मग त्यांनीच दिव्याच्या दोन तारा लावून बघितल्या, हाताने चाक फिरवलं, दिवा लागला आणि काकांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी विसरणार नाही. या हबचा घेर साध्या हबपेक्षा मोठा, त्यामुळे जुने स्पोक चालत नाहीत, आखूड लागतात, ते काकांनी मोजून कापून आटे पाडून दिले. दोन वर्षांत आऊट काढायला फक्त एकदा नेलं, आणि तेही एका खड्ड्यात जोरात आपटले म्हणून.

सगळा खर्च, म्हणजे हब, पुढचा दिवा, मागचा दिवा, रिम, स्पोक, काकांची मजुरी आणि बाहेरून मागवलं त्यावरची कस्टम ड्युटी धरून तीस हजारांच्या घरात गेला. कमी नाहीये, मान्य. पण त्याआधीच्या तीन वर्षांत मी पाच पुढचे दिवे घेतले होते, दोन पाण्याने गेले, दोनची बॅटरी म्हातारी झाली, एक पडून फुटला.

आता दिवा. बुश अँड म्युलरचा आयक्यू-एक्स, १०० लक्सचा. इथं लक्स आणि ल्युमेनची गल्लत होते म्हणून सांगते, ल्युमेन म्हणजे दिव्यातून एकूण किती उजेड बाहेर पडतो आणि लक्स म्हणजे तो ठरावीक अंतरावर एका जागी किती दाट पडतो. आपल्याकडे ऑनलाइन हजार-दोन हजार ल्युमेन लिहिलेले टॉर्च मिळतात, त्यांचा अर्धा उजेड झाडांवर, आभाळात आणि समोरच्याच्या डोळ्यात जातो. जर्मनीत सायकलच्या दिव्यांनाही कायदा आहे, प्रकाश गाडीच्या हेडलाईटसारखा वरून कापलेला पाहिजे, समोरच्याच्या डोळ्यात जाता कामा नये. त्यामुळे ३ वॅटमध्ये जेवढा उजेड होतो तो सगळाच्या सगळा रस्त्यावर पसरतो. सासवड-जेजुरी रस्त्यावर पहिल्यांदा रात्री लावला आणि मला रस्त्याचा पोत दिसला, डांबर कुठं उखडलंय, कडेची माती कुठून सुरू होते, न रंगवलेला स्पीड ब्रेकर सावलीसकट. आणि एक गोष्ट मी आधी अपेक्षिली नव्हती, समोरून येणारे बाईकवाले अप्पर मारायचे थांबले. आधी माझ्या गोल टॉर्चमुळे त्यांचे डोळे दिपायचे आणि ते चिडून माझ्यावर अप्पर टाकायचे, दोघंही आंधळे. दुपदरी रस्त्यावर हे फार महत्त्वाचं आहे.

त्याची दुसरी बाजूही आहे. वर कापलेला प्रकाश म्हणजे वरचं काही दिसत नाही. रस्त्यावर झुकलेली फांदी, डोक्याच्या उंचीला लोंबणारी केबल, लांबून पाटीवरचं गावाचं नाव, यातलं काही नाही. आणि घाटातल्या वळणावर दिवा सरळ बघतो, तुम्ही वळताय तिकडे अंधार. म्हणून हेल्मेटवर एक छोटा हेडलॅम्प मी कायम ठेवते, वळण आलं की, कुत्रं भुंकलं की, पाटी वाचायची असली की तेवढ्यापुरता लावते. पंक्चर काढायलाही तोच.

मागचा दिवा बुश अँड म्युलरचाच टॉपलाईट लाईन प्लस, कॅरिअरला बसतो. पुढच्या दिव्यातून दोन तारा फ्रेमच्या कडेने मागे नेलेल्या. दोन्ही दिव्यांत सायकल थांबली तरी काही मिनिटं जळत राहण्याची सोय आहे, आत कपॅसिटर असतो तो भरून ठेवतो. सिग्नलला, रेल्वे फाटकाला, चेन पडली म्हणून उतरलात तर एकदम अंधार होत नाही. पुढचा मंद होतो, मागचा तसाच राहतो.

तरीही मागे एक वेगळा बॅटरीवाला लाल दिवा मी लावतेच. साताऱ्याकडून पुण्याला येताना खंबाटकीच्या बोगद्यातून यावं लागतं, आत ट्रकचा आवाज असा घुमतो की पुढून आला की मागून कळत नाही, तिथं माझ्या पाठीमागे एकच तार आहे ही भावना नको वाटते. आणि ती तार तुटूही शकते, माझी तुटलीच होती. चूक माझीच, पंक्चर झालं, घाईत पुढचं चाक काढलं आणि हबचा कनेक्टर आधी काढायचा असतो ते विसरले, तार ओढली गेली. शिमानोच्या कनेक्टरमध्ये सोल्डरिंग वगैरे काही नसतं, तारेचं टोक सोलायचं, पिळायचं, खाचेत दुमडायचं आणि टोपण दाबायचं. पाच मिनिटांत जोडली. पावसाळ्यात त्या जोडावर बोटभर व्हॅसलीन लावायचं, गाडीच्या बॅटरीच्या टर्मिनलला लावतात तसं. दोन पावसाळे गेले, गंज नाही.

पाय भरून येतात का, हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. दिवा चालू असताना हबसाठी पायांना पाच-सहा वॅट जास्त द्यावे लागतात असं धरा. माझ्यासारखी बाई लांबच्या राईडला शंभर-सव्वाशे वॅटने चालवते. सपाटीवर वाऱ्याचा विरोध वेगाच्या मानाने फार झपाट्याने वाढतो, त्यामुळे पाच टक्के ताकद कमी झाली तरी वेग दोन टक्क्यांच्या आतच कमी होतो. ताशी २५ ऐवजी साडेचोवीस. रात्रभराच्या चालवण्यात दहा-पंधरा मिनिटं. पेठ नाक्याला मी अडीच तास बसले होते. दिवा बंद असताना ओढ इतकी कमी की मला तरी जाणवत नाही. फक्त एका ठरावीक वेगाला हँडलमध्ये अगदी बारीक कंप येतो, तो पहिल्या आठवड्यात जाणवला, नंतर विसरले.

घाट चढताना काय होतं? वेग आठ-नऊच्या खाली गेला की दिवा थोडा मंद होतो, सहा-सातला बारीक थरथरतो. खंबाटकी चढताना हे होतं, पण त्या वेगाला पाच मीटर पुढचं दिसलं तरी पुरतं, आणि मागचा लाल नीट जळत असतो. म्हणून दिव्याच्या बाबतीत घाटाची मला तक्रार नाही.

दिवा कुठे बसवायचा यात एक चूक होते. हँडलवर बसवला आणि पुढे हँडलबॅग लावली तर बॅगेची सावली रस्त्यावर पडते. मी फोर्कच्या वर, मडगार्डच्या बोल्टलाच बसवला. प्रकाश खालून येतो त्यामुळे खड्ड्यांच्या सावल्या लांब पडतात, आणि लांबूनच कळतं की पुढे खड्डा आहे.

इथपर्यंत सगळं गोड. आता चार्जिंगची डबी.

कल्पना अशी की दिवसा दिव्याची गरज नाही, मग तीच वीज डबीतून घ्यायची, डबी तिचं ५ व्होल्ट डीसी करून देते, यूएसबीने फोन भरायचा. ऐकायला इतकं छान वाटतं की मी दुसरा विचारच केला नाही. कंपनीचं नाव लिहित नाही, कारण माझ्या एकटीच्या डबीवरून त्यांना नावं ठेवणं बरोबर नाही. चौथ्या महिन्यात पावसात पाणी शिरून ती बंद पडली, वॉरंटीसाठी पाठवलेल्या तीन मेलना उत्तर आलं नाही, मग मी दुसरी घेतली, दुसऱ्या कंपनीची, ती अजून चालू आहे. तर खालचं सगळं चालू असलेल्या, नीट काम करणाऱ्या डबीबद्दल आहे.

छोटा यूएसबी मीटर मध्ये लावून मी महिनाभर आकडे बघितले. सपाटीला ताशी २० च्या वेगाला साधारण अडीच वॅट. पंधराला दीड-पावणेदोन. बारा-तेराला एकाच्या आसपास. दहाच्या खाली काही नाही, शून्य. आता पसरणीचा घाट घ्या, वाईतून पाचगणी, मी तो आठ-नऊने चढते, तासाच्या वर वेळ लागतो, तेवढा सगळा वेळ शून्य. उतारावर तीसने जाता तेव्हा वीज मिळते पण उतार वीस मिनिटांत संपतो. आपले रस्ते असेच आहेत, वेळ सगळा चढात जातो.

डिसेंबरात पुण्याहून गोव्याला किनाऱ्याच्या रस्त्याने गेलो होतो, सहा दिवस. ताम्हिणी उतरून माणगाव, हरिहरेश्वर, बागमांडला-वेश्वी फेरीबोट, मग दापोली, दाभोळ-धोपावे फेरी, गुहागर, तवसाळ-जयगड फेरी, गणपतीपुळे, देवगड, मालवण, वेंगुर्ला, रेडी, तेरेखोल. ज्यांनी हा रस्ता केलाय त्यांना माहीत आहे, खाडीवरून सड्यावर चढायचं, दोन किलोमीटर सपाट, परत खाडीला उतरायचं, दिवसभर हेच. समुद्रसपाटीचा रस्ता म्हणतात पण सपाट म्हणून काही नाही. त्यात फेरीबोटीवर सायकल उभी. संध्याकाळी मीटर बघितला तर दिवसभरात आठ-नऊ वॅट-तास जमा. माझा फोन ५००० एमएएचचा, म्हणजे १९ वॅट-तासाचा. दिवसभर चालवून अर्धा फोनही भरला नाही.

आणि त्याच दिवशी दुपारी गुहागरला एका खानावळीत थांबलो, मासे तळून यायला वेळ लागणार होता, मालकिणीला विचारलं, "काकू, जरा चार्जिंगला लावू का?" त्या म्हणाल्या लाव की, फ्रीजच्या मागे प्लग आहे. पॉवर बँक लावली. १८ वॅटने भरणारी बँक, पाऊण तास जेवण. साडेतेरा वॅट-तास. सहा तास पेडल मारून जे मिळालं त्याच्या दीडपट मी सोलकढी पिता पिता भरून घेतलं. त्या दिवशी माझ्या डोक्यात हे पक्कं झालं. आपल्याकडे ढाबा आहे, खानावळ आहे, टपरी आहे, पेट्रोल पंप आहे, देवळाचा सभामंडप आहे, आणि चार्जिंगला लावू का म्हटल्यावर मला आजवर एकदाही कुणी नाही म्हटलेलं नाही. पैसे घेतले नाहीत, उलट मुलगी लांबून आली म्हणून वर भजी ठेवली.

आणखी एक त्रास, फोन थेट डबीला लावू नका. चढावर वीज बंद, उतारावर चालू, प्रत्येक वेळी फोनचा स्क्रीन पेटतो आणि टुंग वाजतं, स्क्रीन पेटण्यातच आलेली वीज जाते. मध्ये पॉवर बँक ठेवायची, डबी बँकेला भरेल, बँक फोनला. पण सगळ्या बँका एकाच वेळी भरणं आणि देणं करत नाहीत, घ्यायच्या आधी विचारा. आणि रात्री दिवा आणि डबी दोन्ही एकदम चालू ठेवू नका, तीनच वॅट आहेत, वाटून दोघंही उपाशी. मी एक छोटा स्विच लावून घेतला होता, एकीकडे दिवा, दुसरीकडे डबी.

डबी कुणाला उपयोगी, तेही सांगते, उगाच एकतर्फी नको. कच्छसारखा सपाट मुलूख, दिवसभर वीसने चालवताय आणि मुक्काम तंबूत, तर जरूर घ्या. फ्रान्समध्ये पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस असते दर चार वर्षांनी, १२०० किमी, ९० तास, आमच्या ग्रुपमधले एक दादा २०२३ ला जाऊन आले. ते सांगत होते की कंट्रोलवर प्लगपुढे इतकी गर्दी की नंबर लागेपर्यंत झोपेचा वेळ जातो. तिथं डबीचा उपयोग आहे. २०२७ ला जाणाऱ्यांनी विचार करावा. आणि कोकणच्या त्याच राईडमध्ये देवगडला रात्रभर लाईट गेली होती, दुसऱ्या दिवशी सकाळी जीपीएस डबीवरच चालला, हे मी नाकारत नाही. पण त्या एका सकाळीसाठी एवढे पैसे, एवढ्या तारा? माझ्या हिशोबात बसत नाही.

सोलर पॅनेल थोडक्यात. एका मैत्रिणीने कॅरिअरला बांधून बघितलं. सायकल दिशा बदलते, झाडांची सावली येते, आणि पॅनेलखालची पॉवर बँक उन्हात इतकी तापली की हात लावता येईना. लिथियम बॅटरीला ती उष्णता वाईट. नको.

तर आता माझी मांडणी अशी आहे. पुढचा-मागचा दिवा डायनॅमोवर. १०,००० एमएएचची एक पॉवर बँक, पण १८ वॅट किंवा जास्तीने स्वतः भरणारी, कारण ढाब्यावरच्या अर्ध्या-पाऊण तासात ती किती भरते यावर सगळं आहे, क्षमता त्यानंतर. २०,००० वाली जड, आणि पाऊण तासात तीही तेवढीच भरते. बँकेवर १०,००० लिहिलेलं असतं ते आतल्या सेलच्या ३.७ व्होल्टचं, ३७ वॅट-तास, बाहेर ५ व्होल्टला येताना सहा-साडेसहा हजारच हातात येतात. पाठीमागे बारीक अक्षरात रेटेड कपॅसिटी लिहिलेली असते तो खरा आकडा. बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा, आर नंबर बघून घ्या, बिननावाची स्वस्त बँक मांडीखाली घेऊन फिरायची वस्तू नाही. विमानाने सायकल नेणार असाल तर बँक हातातल्या बॅगेत, चेक-इनमध्ये चालत नाही, आणि वेगळ्या परवानगीशिवाय १०० वॅट-तासाच्या आतलीच.

एक बारकावा जो मला कुणी सांगितला नव्हता : मागचा छोटा लाल दिवा पॉवर बँकेला लावला की दिवा इतका कमी करंट घेतो की बँकेला वाटतं काही जोडलेलंच नाही आणि ती अर्ध्या मिनिटात बंद होते. सकाळी बघावं तर दिवा रिकामा. त्यावर उपाय म्हणजे दुसऱ्या पोर्टला फोन पण लावून ठेवायचा, म्हणजे बँक जागी राहते.

चार्जर दोन-तीन पोर्टवाला एकच, केबल मीटरभर लांब. ढाब्याचा प्लग कायम टीव्हीच्या वर किंवा फ्रीजच्या मागे असतो, आणि सैल असतो, जड चार्जर लोंबकळून निघून पडतो, म्हणून चार्जर हलका घ्या आणि लावल्यावर दोन मिनिटं उभं राहून खरंच चार्ज होतंय ना ते बघा. मी एकदा कराडला न बघता जेवायला बसले आणि चाळीस मिनिटं वाया गेली.

फोन राईडमध्ये फ्लाईट मोडवर, नकाशे आधीच उतरवलेले, रस्ता दाखवायला वेगळा जीपीएस. लाइव्ह लोकेशन घरच्यांना हवं असतं, माझ्या आईला तर हवंच असतं, पण ते दिवसभर चालू ठेवलं तर फोन संध्याकाळपर्यंत जात नाही. आईशी ठरवलंय, प्रत्येक कंट्रोलला पोचल्याचा पुरावा म्हणून एटीएमची स्लिप काढली की तिला तिचा फोटो. तिला वेळ आणि गाव दोन्ही कळतं.

आणि राखीव म्हणून एक टॉर्च, सेल बदलता येणारा, १८६५० चा. एका सेलमध्ये बारा वॅट-तास असतात, सेल प्लास्टिकच्या डबीत ठेवायचा, किल्ल्यांबरोबर खिशात टाकायचा नाही, शॉर्ट होतो. दोन वर्षांत टॉर्च एकदाच लागला, तार तुटली त्या रात्री, ती जोडेपर्यंत.

मार्क द्यायचे तर हब पाचपैकी साडेचार, अर्धा वजनाचा कापला. पुढचा दिवा पाच. मागचा दिवा पाच. चार्जिंगची डबी अडीच, आणि तेही सपाटीवाल्यांसाठी.

मार्चमध्ये मी डबी काढून टाकली, स्विचही काढला. फोर्कवर आता एकच तार उरलीय. गेल्या महिन्यातल्या ४०० ला रात्री दीडच्या सुमाराला पेठ नाक्यावरून गेले, तोच पंप दिसला, थांबून चहा प्यायले. दादा तेच होते, त्यांनी ओळखलं, म्हणाले, "मॅडम, आज लाईट आहे का?" सायकल स्टँडला उभी होती, मागचा लाल दिवा तेव्हाही जळत होता.